आठ आणि दहाच्या मध्ये

गुरुवार, १६ ऑक्टोबर
दुपारचे तीन

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी सर्दी उतरली का? जावईबापूंना म्हणावं, बायकोला दोन दिवस चहा करून दिला तर हात झिजत नाहीत. मी बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, गुडघे कुरकुरतात, पण ते काय नवीन नाही.

हे पत्र आमच्या सहलीतले दाताचे डॉक्टर स्वतः तुझ्या हातात देणार आहेत. तुम्ही निघाल्याशिवाय तिला पाकीट उघडू देऊ नका असं मी त्यांना बजावलंय, म्हणजे आता तू एकटी असशील. जावई घरात असतील तर त्यांना हाक मार. शेजारी बसू देत.

आमची बाकीची मंडळी शनिवारीच पुढे गेली. मी, मास्तर आणि डॉक्टर कुंभारणीच्या गावात राहिलो; डॉक्टर आज हे पत्र घेऊन निघतायत. तिच्या कारखान्यावरची एक खोली मला मिळाली आहे. खोली छान आहे, खाट जरा उंच. खिडकीतून सगळा रस्ता दिसतो. मी खिडकीकडे पाठ करून बसते.

तू म्हणशील, सहल संपली, मावशी तिथे काय करतेय? सांगते. पण मला पहिल्यापासून सांगू दे, मधूनच सुरू केलं तर माझी जीभ पुन्हा पळवाट शोधेल. आणि मागच्या वर्षी तू रागाच्या भरात धड काही ऐकून घेतलंच नव्हतंस.

आमचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग म्हणजे चित्रं कमी, चरणं जास्त. मागच्या ऑक्टोबरात इथे परदेशात आलो तेही तसंच. सकाळी चित्रं बघायची, दुपारी नवीन ठिकाणी जेवायचं, संध्याकाळी दोन्हींबद्दल वाद घालायचा. शेवटच्या दिवशी या गावात आलो. कुंभारणीची एक रीत आहे. तिच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाने एक ताटली रंगवायची. ती ताटली ती मागाहून भाजून फळीवर ठेवते. विकत देत नाही, पोस्टाने पाठवत नाही. "परत याल तेव्हा तुमच्याच ताटलीत वाढेन," म्हणते. यंदा दुसऱ्यांदा यायचं ठरलं ते त्यासाठी.

मला यायचं नव्हतं. मास्तर म्हणाले, "ताईंची ताटली तरी मागून बघू. लेकीला आईची आठवण होईल." तुला विचारलं तेव्हा तू काय म्हणालीस आठवतं? "जा मावशी, पण ती ताटली माझ्या घरात आणू नकोस. जी बाई आम्हाला टाकून गेली तिची कसली आठवण." मी मान डोलावली. तू माझ्यासमोर हे वर्षभर बोलतेस आणि मी वर्षभर मान डोलावते.

आता मोजणीचं सांगते. मास्तरांनी पंचवीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, त्यामुळे माणसं मोजायची त्यांची पद्धत ठरलेली. नाव घ्यायचं नाही, मान वर करायची नाही. वहीत डोकं घालून "हं" म्हणायचं, की आम्ही पुढून मागे आपापला नंबर ओरडायचा. बारा आला की वही मिटली आणि गाडी सुटली. नऊ नंबर ताईचा, दहा माझा. आम्ही दोघी शेवटून दुसऱ्या रांगेत, उंच पाठीच्या सीटवर शेजारी शेजारी.

या खेपेला आम्ही अकराच. मास्तरांनी नंबर बदलले नाहीत. "नऊ कुणाला द्यायचा नाही," म्हणाले. आठ झाले की सगळ्यांनी क्षणभर थांबायचं, मग मी दहा म्हणायचं, असं ठरलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं.

पहिल्या दिवशी त्या थांबण्यात नुसती शांतता होती. दुसऱ्या दिवशी, बोलण्याआधी माणूस श्वास घेतं ना, तसा श्वास मला ऐकू आला. माझ्या उजव्या हाताला, रिकाम्या सीटवरून. मी मनाला म्हटलं, खाई त्याला खवखवे. गप बस.

त्याच दिवशी चित्रसंग्रहालयाच्या दारावरच्या बाईने तिकिटं फाडून उरलेले तुकडे मास्तरांच्या हातावर ठेवले. मोजले तर बारा. आम्ही अकराच तिकिटं काढली होती. डॉक्टर म्हणाले, "वा! अकरावर एक फुकट!" सगळे हसले. दुपारी खानावळीत सुपाचे वाडगे आले तेही बारा. जास्तीचा वाडगा वाढणाऱ्याने न विचारता माझ्या उजवीकडे ठेवला. उठताना बघितलं तर रिकामा होता. डॉक्टर खादाड आहेत, त्यांनीच संपवला असेल असं मी ठरवून टाकलं. पण डॉक्टर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते गं.

शनिवारी या गावात आलो. लांबलचक टेबल, वर पांढरं कापड, आणि बारा खुर्च्यांसमोर बारा ताटल्या. आपापली ताटली ओळखून सगळे बसले, लहान पोरांसारखे खूश. बाकीच्या ताटल्या नव्याकोऱ्या, कुणी कधी न जेवलेल्या. ताईच्या ताटलीवर सुरीचे बारीक ओरखडे होते. रोज जेवून जेवून पडतात तसे.

कुंभारणीची भाषा फक्त डॉक्टरांना मोडकीतोडकी येते. त्यांनी तिला विचारलं, बारा का मांडल्या? ती म्हणाली, "तुम्ही बारा उतरलात. मी दारातून मोजले." मग तिची नजर त्या ओरखड्यांवर गेली आणि ती आपल्या कामगारांवर जी भडकली! फळीवरच्या ताटल्यांना कुणी हात लावायचा नाही असा तिचा दंडक आहे. कामगार शपथा घेत होते. आमच्यात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. मास्तर म्हणाले, "चला, निघू या."

गाडीत बसलो. मास्तरांनी वही काढली. "हं."

एक. दोन. तीन. असं करत आठपर्यंत आलं.

"नऊ."

भिंगरी, तो आवाज ताईचा नव्हता. तसा असता तर मी एकवेळ आनंदाने मेले असते. तो माझा आवाज होता. मी ताईची नक्कल करते तेव्हा निघतो तो. शेवटी जरासा नाकात जातो, आणि तो फरक जगात फक्त मला माहीत आहे. तुझे बाबासुद्धा फोनवर फसायचे. माझं तोंड मिटलेलं होतं, मी दातांवर दात दाबून बसले होते. मग सवयीने माझ्या तोंडून "दहा" निघालं. अकरा. बारा. मास्तरांनी वही मिटली आणि "बारा, चला," म्हणाले. अकरा माणसांच्या गाडीत कुणी मान वळवून बघितलं नाही. गाडी हलली.

मी किंचाळले. "थांबवा! ती खाली आहे! मी बोलले होते नऊ, मी!"

झालं. लिहिलं एकदाचं.

मागच्या वर्षी ताटल्या रंगवताना मी एक पक्षी काढला होता. ताईने सगळ्यांना बोलावून दाखवला. "हा पक्षी आहे की वांगं, सांगा बघू!" सगळे पोट धरून हसले. मी अठ्ठावन्न वर्षांची बाई, घोड्यासारखी वाढलेली, आणि ताईसमोर अजून शेंबडं पोर! मीही हसले. आतून नुसती धुमसत होते. निघायची वेळ झाली तेव्हा ताई तुझ्यासाठी वाडगे निवडत कारखान्याच्या मागे गेली होती. गाडीत सगळे तिच्या नावाने कुरकुरत होते, ती नेहमीच उशीर करायची. मास्तरांनी "हं" म्हटलं. आठ झालं. आणि मी तिच्या आवाजात "नऊ" म्हटलं, मग माझ्या आवाजात "दहा".

दहा मिनिटं रस्त्यावर उभी राहू दे, एवढंच मनात होतं. वळणावर पोचलो की सांगायचं, गाडी मागे फिरवायची, तिची फजिती बघायची. वळण आलं. म्हटलं, अजून जरा. मग वाटलं, आता सांगितलं तर सगळे मलाच बोलतील, मास्तर ओरडतील. शब्द जुळवत बसले आणि माझा डोळा लागला. खरंच लागला गं. जेवण जड झालं होतं. जाग आली ती थेट बंदरावर, तीन तासांनी. शेजारची सीट रिकामी बघून डॉक्टर विचारत होते, "ताई कुठे?"

मास्तर छातीवर हात ठेवून पोलिसांना सांगत होते, "गाडीत होत्या, मी स्वतः त्यांचा नंबर ऐकला." मला बोलायचं होतं, आईशप्पथ बोलायचं होतं. पण तोंडाला कुलूप बसलं. पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो, शेजारीच होती. मी झोपले होते." तिचा फोन माझ्या पिशवीत होता, ताटल्यांचे फोटो काढायला घेतला होता. तो तिने गाडीत दिला असं सांगितलं. एकदा खोटं बोललं की त्याला टेकू देत बसावं लागतं.

मग तीन दिवस बंदराचं पाणी ढवळलं. बोटी तपासल्या. या गावात कुणी पाऊलसुद्धा टाकलं नाही, कारण ती गाडीत होती ना! बंदरावर काही सापडलं नाही, पासपोर्ट तिच्याजवळच होता, आणि निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या लग्नावरून भांडताना ती तुला म्हणाली होती, "मग मी या घरात राहू कशाला?" तू त्या एका वाक्यावरून सगळं ठरवून टाकलंस. मी तुला ठरवू दिलं. तुझ्या लग्नात आईच्या जागी मी उभी राहिले. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, "तूच माझी आई." मी तेव्हाही मान डोलावली.

शनिवारी मी गाडीतच सगळं सांगितलं. मास्तर वही हातात धरून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. डॉक्टरांनी कुंभारणीला गाठून विचारलं. ती बिचारी गोंधळली. "ती बाई ना? तुमची गाडी गेल्यावर दारातल्या बाकावर बसली होती की. मी सरबत दिलं. गावातून फोन करू का असं खुणेने विचारलं. तिने मान हलवली. दोन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली आणि रस्त्याकडे हात केला." म्हणजे बहीण गाडीत आहे, येईलच. ताई हसत होती, असं कुंभारीण म्हणाली.

ऊन उतरेपर्यंत ताई बसली. मग उठून गाडीच्या वाटेने चालू लागली. कुंभारणीला वाटलं, पुढे भेटली असेल तुम्हाला. बंदरावर कुणी बाई बुडाली असं तिच्या कानावर आलं होतं. पण ती बाई बंदरावरची, ही तर इथून गेली, दोन्हींचा संबंध तिने कशाला जोडावा?

त्या वाटेला, गाव संपलं की, जुन्या मातीच्या खाणी आहेत. कडा ठिसूळ झालेल्या, खाली पाणी. पोलिसांना मी रविवारी लिहून दिलं. सोमवारी पाणी उपसायला लागले.

मंगळवारी सकाळी ताई सापडली, बाळा.

चष्मा, पासपोर्ट, हातातली अंगठी. तीन वाडगे पिशवीत कागदात गुंडाळलेले होते, एकही फुटला नव्हता. ओळख पक्की करायला तुला बोलावतील, तसं पत्र येईल. त्याआधी तुला हे माझ्याकडूनच कळावं म्हणून मी मास्तरांच्या पाया पडून दोन दिवस मागून घेतले.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे पत्र धावतपळत लिहितेय ते.

मंगळवारी दुपारी तुला जो फोन आला, तो मी इथल्या कारखान्यातल्या फोनवरून केला होता. तुला सगळं तोंडाने सांगायचं असं ठरवून केला. तू "हॅलो" म्हणालीस. मी म्हटलं, "भिंगरी." एवढंच. आणि तू ओरडलीस, "आई? आई, कुठे आहेस तू?"

मी नक्कल केली नव्हती. गाडीत किंचाळल्यापासून माझ्या घशातून तोच आवाज येतोय. डॉक्टरांनी घसा तपासला, काही नाही म्हणतात, पण माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघतात. मी ताईचा आवाज ऐकला आणि घाबरून फोन ठेवला. नंतर तू त्याच नंबरवर बारा वेळा फोन केलास, मी उचलला नाही. मास्तरांनी सांगितलं, तू सगळ्यांना कळवत सुटली आहेस, आई जिवंत आहे, आईने मला हाक मारली.

नाही, भिंगरी. ती मी होते. या पापासाठी मला कुठलीही शिक्षा कमीच आहे, पण तू त्या फोनची वाट बघत बसू नकोस. तू इथे आलीस तर मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही, जे विचारशील ते कागदावर लिहून देईन. मारायचं असेल तर मार.

तिच्याबद्दल मनात जे धरलंस ते मात्र आजच सोडून दे. ती तुला टाकून गेली नाही. ती घरी यायलाच निघाली होती. टाकलं तिला मी.

तुझ्या आईची धाकटी बहीण
(मावशी म्हणायचं की नाही, ते तू ठरव)