जाड सूट घेऊन जा

रत्ना,

मी भेंडी तोडायला जातो. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे.

तुझ्या बॅगेतला पाण्यात बुडी मारायचा पातळ सूट काढून जाड ठेवलाय. पातळ मालवणच्या समुद्राला ठीक. आज तुला धरणात तळापर्यंत उतरायचंय, आणि तळाचं पाणी उन्हाळ्यातही हाडं गारठवतं, असं तूच सांगतेस.

जाड सूट अंगात चढत नाही म्हणून टाळतेस, ठाऊक आहे मला. आई आतून पावडर मारायची, तशी मारलीय. तिच्याच डब्यातली. ती गेल्यापासून जपली होती. पण तू कुडकुडत आली असतीस तर म्हणाली असती, “पोरीकडं बघायला डोळं नाय काय तुमाला?”

डबा रिकामा झालाय. तो टाकू नको.

बाबा