माझा अंगठा कुणी वापरू नये

डोळे उघडले तेव्हा माझा अंगठा प्रसेनजितच्या चिमटीत होता आणि अंगठ्याखाली माझा फोन. फोन उघडलेला होता. मी तो ओढून घेतला.

"काय करून राह्यला रे?"

"काही नाही माय. बॅटरी पाहून राह्यलो."

"बॅटरी पाहाले माहा अंगठा लागते काय?"

प्रसेनजित माझा धाकटा मुलगा. ही कालची दुपार. म्हणून हे मृत्युपत्र आज लिहीत आहे.

मी, पंचफुला माणिकराव पडघान, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त आरोग्यसेविका, राहणार इंझोरी, जिल्हा वाशीम. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, पण संताप कशाचा आला हे मला नेमके सांगता येते, तेवढा पुरावा पुरे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. पूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. दोन खोल्यांचे हे घर मी माझ्या पगारातून बांधले. ते मुलगी पौर्णिमा हिला द्यावे. ती कारंज्याला शिक्षिका आहे, तिला स्वतःचे घर आहे, हे मला माहीत आहे. पण या घराच्या मागच्या दाराने बाया येतात. कुणाला दिवस गेलेले असतात, कुणाला मार बसलेला असतो. ते दार पौर्णिमा बंद करणार नाही. माझ्यानंतर प्रसेनजितने या घरात राहू नये.

२. शेत. माझ्या नावावरचे शेत प्रसेनजितला द्यावे. तो ते नीट करतो. रागाच्या भरात आईने शेत काढून घेतले, असे कुणी म्हणू नये. राग कलम चारमध्ये आहे.

३. पोस्टातली ठेव अश्वजित व पौर्णिमा यांनी सारखी वाटून घ्यावी.

४. फोन. हे कलम लांब आहे.

वैजयंती आमच्या गावातली सून. नवऱ्याने, म्हणजे विकासने, तिचा हात मोडला. मी तो फळीला बांधला आणि तिला दवाखान्यात पाठवले. प्लास्टर निघाल्यावर ती नांदायला परत गेली नाही. जऊळक्याला स्टेशनजवळ बेबीताई नावाच्या बाईंकडे तिने भाड्याने खोली घेतली आणि पत्त्याचा निरोप आवाजात भरून माझ्या फोनवर पाठवला. थोड्याच दिवसांत विकास त्या दारात उभा राहिला. बेबीताईंनी पुढच्या दाराशी त्याला शिव्या देऊन थोपवले, तोवर वैजयंती मागून निघून स्टेशनवर पोचली.

पत्ता मी कुणालाच सांगितला नव्हता. मी अश्वजितला फोन केला. तो थोरला, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.

"आई, फोन हॅक झाला असेल. बाहेरच्या देशात बसून करतात हे लोक."

"बाहेरच्या देशात बसून विकासले जऊळक्याचा पत्ता सांगतेत काय?"

तरी त्याने पुण्यात बसून माझ्या फोनमध्ये बरेच काही घातले. इंटरनेट दुसऱ्या देशातून फिरवून आणणारे ॲप. पासवर्ड सांभाळणारे ॲप. बँकेला दुहेरी कुलूप. फोन गरम होऊ लागला. अंगठा त्याने आधीच, दिवाळीला आला तेव्हा, लावून दिला होता. मी पासवर्ड विसरेन म्हणून. "आता चोराला तुझा अंगठा कापून न्यावा लागेल," असे म्हणून हसला होता. कापावा लागत नाही. जेवण झाले की मी झोपते आणि माझी झोप गाढ आहे. हे परदेशातल्या माणसाला ठाऊक नसते.

पौर्णिमाने फोनवर वेगळे विचारले.

"माय, तुले भेव कोणाचं हाय? त्याचं नाव घे आधी. कुलूप मंग पाहू."

"विकासचं."

"विकास तुह्या घरात येते काय?"

"त्याची काय हिंमत हाय."

"मंग घरात कोण येते?"

मी विषय बदलला. हे परवाचे बोलणे.

हिवतापाच्या गावात मी रक्त तपासले, डबकी बुजवून घेतली. जो रोग गावात नाही त्याची गोळी कुणाला दिली नाही. आणि इथे आम्ही सातासमुद्रापलीकडचा बंदोबस्त करत बसलो, शेजारच्या खाटेकडे पाहिले नाही.

प्रसेनजितचे म्हणणेही लिहिते, म्हणजे एकतर्फी झाले असे होणार नाही.

"विकास माहा भागीदार हाय. आमचं मळणीयंत्र एकात हाय. त्याचं घर मोडून राह्यलं. नवरा-बायकोच्या मधात तू कायले पडतं?"

"तिचा हात मोडला तवा तू कुठं व्हता?"

"मले का माहीत?"

"मंग माहीत झालं नं? तरी पत्ता देल्ला."

"चूक झाली असन."

"झाली असन नाही. तू केली."

तो उठून ओट्यावर गेला. वैजयंतीचा नवा निरोप त्याने ऐकला की नाही, हे तो सांगत नाही. त्या निरोपात कामरगावच्या खोलीचा पत्ता होता. काल संध्याकाळी मी तिला फोन केला. आत्ताच्या आत्ता निघ म्हणाले.

"कुठं जातो ते कळवतो तुमाले, सिस्टर."

"मले कळवू नको. कोणालेच कळवू नको."

५. अंगठा. धम्मदीक्षेनंतर माझ्या सासऱ्यांनी या घराला एक नियम घातला: कागदावर अंगठा उठवायचा नाही. सासूबाई चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून सही शिकल्या. तलाठ्याने शाईचा पॅड पुढे केला तेव्हा त्यांनी तो परत सरकवला आणि पेन मागितला. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही आधी सही करून दाखवावी लागली. त्याच घरातल्या सर्वांत शिकलेल्या मुलाने माझा अंगठा मागितला आणि मी कौतुकाने दिला.

अंगठा फोनमधून काढून टाकला आहे. आता आकडे आहेत, ते कुणाच्या वाढदिवसाचे नाहीत. मी मेल्यावर माझ्या हाताला कुणीही, कोणत्याही कारणाने, फोन किंवा यंत्र लावू नये. आंघोळ घालणाऱ्या बायांनी सगळ्यात आधी माझे हात पांढऱ्या कपड्यात गुंडाळावेत. वंदना त्यानंतर घ्यावी.

६. फोन पौर्णिमाने न उघडता पूर्ण पुसून टाकावा. माझ्या आवाजाची आठवण हवी असेल त्याने मी जिवंत आहे तोवर येऊन ऐकावा.

अश्वजितच्या ॲपवर माझा राग नाही. तो स्टेशनांवर, हॉटेलांत बसून कंपनीची कामे करतो, त्याला ते लागते. मला एवढेच लागले: आकडे, निरोप दिवसभरात आपोआप पुसला जाणे, बंद पडद्यावर कुणाचे नाव न दिसणे, आणि झोपताना फोन ब्लाउजमध्ये. त्याने हे मनाला लावून घेऊ नये. मात्र पुढच्या वेळी कुलूप लावण्याआधी त्याने माणसाला त्याचे घर कसे आहे ते विचारावे.

७. भिंतीवरचे घड्याळ. हे मला निवृत्तीच्या दिवशी एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिले. नाव लिहीत नाही. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बायांची नावे त्याने ग्रामसभेत मोठ्याने वाचली होती, कामाचा आकडा दाखवायला. बाया महिनाभर विहिरीवर मान वर करत नव्हत्या. मी हरकत घेतली तर म्हणाला, यात लपवण्यासारखे काय आहे. हे घड्याळ भंगारात द्यावे. कुणी आपल्या घरात लावू नये.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पौर्णिमाने करावी. साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही. विमलबाईंना पाण्याची पितळी गुंडी द्यायची होती. कायद्याची अडचण नको म्हणून ती आजच त्यांच्या घरी पोचवली.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर पेनने सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: पंचफुला माणिकराव पडघान

साक्षीदार:
लखीराम राठोड, निवृत्त कंपाउंडर, इंझोरी
विमलबाई सरकटे, अंगणवाडी सेविका, इंझोरी

इंझोरी, दि. २१ जानेवारी २०२५

सह्यांनंतरची नोंद, मृत्युपत्राचा भाग नाही.

दि. २२, सकाळ. विकास कामरगावच्या खोलीवर गेला. घरमालकिणीने फोन करून कळवले. म्हणजे प्रसेनजितने निरोप ऐकला होता आणि काल दिवसभर माझ्यासमोर बसून, जेवून, तो पुढे सांगितलाही होता. खोली रिकामी होती. वैजयंती कुठे आहे, मला माहीत नाही.