कमुरत्यांतले दिवस मोजायचे नसतात

५ डिसेंबर, शुक्रवार
देव्हाऱ्यातल्या ठाकोरजींना राजभोग दाखवून उठते न उठते तोच फोन. गाडीच्या शोरूममधली फोरम नावाची मुलगी. म्हणे, आंटी, तुमच्या गाडीची वॉरंटी डिसेंबरात संपतेय, पुढच्या दोन वर्षांची वाढवून घ्या, एकोणीस हजार. मी म्हटलं, बेटा, गाडी माझ्या दारात आली ती उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. बॉनेटवर कुंकवाचा साथियो, स्वस्तिक, मी काढला, नारळ मी फोडला, आणि तारीख तू मला शिकवणार? म्हणे, एकदा बिल बघा. बिल कशाला बघू? मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली होते.
टार्गेट असतं या पोरींना. दुसरं काही नाही.

७ डिसेंबर, रविवार
ह्यांनी ऐकलं होतंच. गाठिया खाता खाता म्हणाले, घेऊन टाक. डाव्या पायाची वॉरंटी देवाने दिली नाही, या पायाची तरी असू दे.
लहानपणी पोलिओ झालेला. साठाव्या वर्षापर्यंत हे कधी गाडी चालवू शकले नाहीत. मग ही बिनक्लचची घेतली. तेव्हापासून रोज संध्याकाळी स्वतः गाडी काढून रेसकोर्सच्या मैदानाला जातात, कठड्यावर मित्रांबरोबर बसतात, शिट्टी वाजवत परत येतात. या वयात शिट्टी!
मी म्हटलं, बघू. घाईत घेतलेली वस्तू आणि घाईत केलेली सोयरीक, दोन्ही महाग पडतात.

१५ डिसेंबर, सोमवार. अगियारस, एकादशीचा उपास
उद्यापासून कमुरतां लागतात. आता उत्तरायणपर्यंत महिनाभर अशुभ, नवं काही घ्यायचं नाही. फोरमचा पुन्हा फोन. आज तरी भरून टाका ना आंटी, मुहूर्तही चांगला आहे. (म्हणजे मुहूर्तही आता हीच काढणार.) मी हसले.
तीन वर्षांपूर्वी काय केलं होतं मी? कमुरत्यांत कुणी गाडी घेत नाही, शोरूमवाले माशा मारत बसलेले. मी अठ्ठावीस डिसेंबरला बिल करायला लावलं, भाव चांगला पाडला, आणि गाडी तिथेच उभी ठेवून कमुरतां संपल्यावर घरी आणली. पैसा वाचला, धर्मही राहिला. हे मात्र रोज रिक्षा करून तिला बघायला जायचे. ते भाडं उगाच गेलं.
या वेळीही तेच. कमुरत्यांत भाव पाडायचा, पंधरा जानेवारीला पैसे भरायचे. हिला वाटतं मी म्हातारी आहे.

२१ डिसेंबर, रविवार
हे म्हणतात, गाडी गिअर घेताना हिसका देते. चढावर कण्हते. मी म्हटलं, थंडीने माझे गुडघेही कण्हतात, मी कुठे दवाखान्यात जाते?
शोरूमला दाखवून आणतो म्हणाले. मी स्पष्ट नाही सांगितलं. आत्ता दाखवलं तर दोष उघडा पडेल आणि ते नव्या वॉरंटीचा भाव वाढवतील. आधी वॉरंटी, मग हिसका. एवढं साधं गणित पुरुषांना कळत नाही.
स्टिअरिंगला प्रसादाची तुळस बांधली.

२६ डिसेंबर, शुक्रवार
मी जिंकले! फोरमने स्वतःहून तीन हजार कमी केले. म्हणे, अठ्ठावीस शेवटची, त्याआधी गाडीही आणा, काही खराबी असेल तर फुकटात करून देऊ. फुकट! फुकट म्हटलं की मी सावध होते. मी म्हटलं, हा भाव लिहून ठेव, पंधरा तारखेला रोख घेऊन येते. म्हणे, आंटी, सिस्टिम घेणार नाही. सिस्टिमला काय कमुरतां कळतात?
नणंद आली होती, कोकिळाबेन. सगळं ऐकून म्हणाली, भाभी, यम आला तरी तुम्ही त्याच्याकडे डिस्काउंट मागाल. वर म्हणाली, माझ्या भावाला मिळून मिळून एक पाय मिळालाय, त्यात तरी घासाघीस करू नका. स्वतः भारी साड्या नेसते आणि दुसऱ्याच्या घरात अक्कल वाटते. चहात आलं घातलं नाही तिच्या.

३ जानेवारी, शनिवार
फोरमचा फोन बंद. रुसली आहे. आणखी हजार नक्की कमी होणार.
हे हल्ली रेसकोर्सला लांबच्या सपाट रस्त्याने जातात. पेट्रोल जास्त जळतं. बोलले मी.

१४ जानेवारी, बुधवार. उत्तरायण
उंधियुं घरीच केलं. सगळी सोसायटी गच्चीवर. ह्यांना लिफ्टच्या वरचा जिना चढवत नाही, म्हणून खाली गाडीतच बसून काच खाली करून पतंग बघत होते. खालून ओरडून ह्यांनी विचारलं, कोणाचा कापला? चेहरा मुलासारखा. उंधियुं घेऊन खाली गेले, उद्या वॉरंटी घेतेय म्हटलं तर माझा हात धरला. चारचौघांत!

१५ जानेवारी, गुरुवार
पेढ्यांचा पुडा घेऊन ह्यांच्याबरोबर शोरूम गाठलं. फोरम पुडा हातात न घेताच म्हणाली, आंटी, वॉरंटी अठ्ठावीसलाच संपली. संपलेल्यावर वाढवता येत नाही. बिलाच्या तारखेपासून धरतात. मी किती वेळा सांगितलं.
मी म्हटलं, ते कमुरत्यांतले दिवस होते. ते दिवसांत धरतच नाहीत, हे तुला तुझ्या आईने शिकवलं नाही का? आजूबाजूची माणसं हसली. हे नाही हसले. फोरमला म्हणाले, बेटा, तुझी चूक नाही. भर शोरूममध्ये, मी शेजारी उभी असताना.
पेढे परत आणले.

१८ जानेवारी, रविवार
रेसकोर्सहून जवळच्या रस्त्याने येताना पुलाच्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच. लोकांनी ढकलली. ह्यांना उतरून धक्का देता येईना, तर एक जण म्हणाला, काका, बसा तुम्ही, तुमच्यासकट ढकलतो. हे आल्यापासून जेवले नाहीत.
गिअरबॉक्स बदलावा लागेल. एक लाख साठ हजार. बरं झालं मी सोळा हजार त्या वॉरंटीत घातले नाहीत, नाहीतर तेही गेले असते.
ठाकोरजी परीक्षा बघतात. माझी नव्हे, ह्यांची.

२५ जानेवारी, रविवार
गाडीला जुन्या साड्यांचं कव्हर शिवलं. बाजारात आठशे घेतात. कोकिळाबेनने गिअरबॉक्सचे पैसे देऊ केले, पण नातेवाइकांत बोभाटा होईल. मी नाही म्हटलं.
संध्याकाळी सहाला हे काठी टेकत खाली जातात, कव्हर थोडं उचलून आत बसतात आणि काळोख पडल्यावर वर येतात. गाडी चालू करत नाहीत. पेट्रोलचा खर्च शून्य.

१ फेब्रुवारी, रविवार
ह्यांची काठी घसरायला लागली म्हणून चार पायांची घ्यायला मी ह्यांना घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, शंभर जास्त द्या, दोन वर्षांची गॅरंटी देतो. मी म्हटलं, काठीत बिघडण्यासारखं काय असतं?
ह्यांच्याकडे बघितलं. पूर्वीचे असते तर घे म्हणाले असते. आता दुकानाबाहेरून जाणाऱ्या गाड्या बघत राहिले. आठवडाभर कशालाच काही म्हणत नाहीत. शिट्टीसुद्धा नाही.
घरात किती शांतता आहे. माझ्या जपाला फळ येतंय.