एकसष्टावा सीन

६ जानेवारी
अवि म्हणतो, एकसष्टावा सीन अजून खोटा वाटतो. हा सातवा खर्डा. होडी बुडते, कोळ्याचा देह मिळत नाही, घरचे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. एवढंच. यात आणखी खरं काय लिहू? दिग्दर्शक नवरा आणि लेखिका बायको, एकाच डायनिंग टेबलावर. कोणी कोणाला 'पुरे' म्हणायचं?
हरेशला जाऊन चार... बघ, मीही 'जाऊन' लिहिलं. अविचा धाकटा भाऊ हरेश समुद्रावरून परत आला नाही, त्याला चार वर्षं झाली. अविच्या आईंनी उरणला काहीही विधी करू दिलेला नाही. हरवलेल्याची बारा वर्षं वाट बघायची असते. "बारा झाली का मंग बोला." सुनंदा, हरेशची बायको, रोज सकाळी कुंकू लावते.

९ जानेवारी
उरणला गेलो. न्हावा शेव्याच्या कंटेनरांत तासभर अडकलो. आईंनी अविची थट्टा केली, नेहमीची. "ह्याला दर्याची भीती, म्हनून कॅमेरा धरला." सुनंदा हसली, मीही.
मग जेवताना आई, एकदम. "सिनेमा हरेशचाच हाय ना?"
"हो."
"शेवटाला येतो ना घरा?"
अविनं भाकरी मोडली. "येतो."
सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे.
गाडीत विचारलं, खोटं का बोललास. म्हणाला, "मग काय बोलायचं होतं? लेखिका तू आहेस. दे की डायलॉग."
पनवेल येईपर्यंत तो डायलॉग शोधत होते.

१५ जानेवारी
सीनसाठी अविला नट नको, खरे गुरुजी हवेत. "नट मंत्र गाण्यासारखे म्हणतात." आमच्या वास्तुशांतीचे गुरुजी आले. चहा घेताना, "माझा चेहरा दिसणार का? घरी सांगायला हवं." मग गंभीर होऊन, "दर्भ मी आणतो. तुमच्या आर्टवाल्यांना दर्भ नि गवत सारखंच." पुतळ्याचं डोकं म्हणून नारळ ठेवतात, हे मला माहीत नव्हतं. सात खर्डे लिहिले आणि माहीत नव्हतं.
स्क्रिप्टमध्ये माझी एकच ओळ आहे: 'गुरुजी मंत्र म्हणतात.' ते काय म्हणतात, कोणाचं नाव घेतात, काही लिहिलं नाही. अशा जागी मी नेहमी असंच लिहिते. कोणीतरी भरतं.

२१ जानेवारी, बुधवार
अलिबागच्या पुढची खाडी. उरणपर्यंत बातमी जाऊ नये म्हणून इतक्या लांब.
टेक सुरू. गुरुजी संकल्पाशी थांबले, खरोखरच्या विधीत थांबतात तसे. मोठ्या भावाचं काम करणाऱ्या नटाला विचारलं, "नाव? गोत्र?" नट गोंधळला. त्याला मी वाक्य दिलेलंच नव्हतं.
मॉनिटरमागून अविचा आवाज आला. "हरेश्वर. काश्यप."
हरेशचं पूर्ण नाव. गुरुजींनी तसंच म्हटलं. कॅमेरा चालू होता.
मग अग्नी देणाऱ्या हातांचा क्लोजअप. नटाचे हात फार मऊ दिसतात म्हणून अविनं बाह्या वर सारल्या आणि स्वतःचे हात दिले. लहानपणी जाळ्याच्या दोरीनं कापलेली ती खूण, डाव्या अंगठ्याजवळ.
आर्टवाल्यांनी दोन पुतळे करून ठेवले होते. अवि म्हणाला, दुसरा नको, ओके आहे. युनिट जेवायला गेलं. नट म्हणाला, सर, माझा पॉज चांगला आला ना?
एवढं लिहून ठेवते, की मी तिथे होते आणि बोलले नाही.

२५ जानेवारी
सुनंदानं येणाऱ्या कोणाबरोबर सुरमई पाठवली. अविनं खाल्ली नाही. पोट बरं नाही म्हणे. कालही वरणभात, परवाही.

३० जानेवारी
केस अगदी बारीक करून आला. उकडतं म्हणाला. जानेवारीत.

२ फेब्रुवारी
भाजी मार्केटमध्ये गुरुजी भेटले. हातात मेथी. बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, त्या दिवसापासून मला झोप नाही. संकल्प पुरा झाला. नाव घेतलं ते कोणाचं होतं?"
सांगितलं.
"आणि अग्नी त्या नटानंच दिला ना?"
"हात ह्यांचे होते."
मेथीची जुडी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "मग दहावं-बारावं?"
तेव्हा मला मासे आठवले, केस आठवले. रिक्षावाला हॉर्न देत होता, मी बाजूला होत नव्हते. माझ्याच घरात दहा दिवस सूतक पाळलं गेलं आणि मी त्याला पोटासाठी ओव्याचं पाणी करून देत होते.
मी विचारलं, "लागू होतं का हे? शूटिंग होतं ते."
गुरुजी म्हणाले, "मला सांगता येत नाही. खरंच येत नाही."

१८ फेब्रुवारी
एडिट पाहिला. नाव स्पष्ट ऐकू येतं. मी म्हटलं, फिल्ममधल्या कोळ्याचं नाव वेगळं आहे. डबिंगमध्ये बदलून घेऊ, पाच मिनिटांचं काम.
"नाही."
"अवि, आई ऐकतील. सुनंदा ऐकेल."
"अख्ख्या फिल्ममध्ये तेवढीच जागा खरी आहे."
"म्हणून तुला सात खर्डे हवे होते?"
त्यानं फिल्म थांबवली. मग म्हणाला, "आई असेपर्यंत मला हे करता येणार नव्हतं. आणि आई नसावी असं मला कसं वाटेल?" एडिटर उठून बाहेर गेला.
आधी याच्या फिल्ममध्ये माणसं फार बोलायची. लग्नं, भांडणं, गोंधळ. गेल्या चार वर्षांत सगळे शॉट दारातून बाहेर बघणारे झाले. मला ती शैली वाटली. मुलाखतीत तसं सांगितलंही, त्याच्या शेजारी बसून, हसत. हा माणूस भावाला जाळायला जागा शोधत होता आणि ती जागा मी लिहून दिली.
राग यायला हवा. त्याच्या डोक्यावर केस आता बोटभर वाढलेत, तेच दिसत राहतात.

७ मार्च
आईंचा फोन. "झाला का सिनेमा? पुढल्या रविवारी येतो आमी दोघी. मना बघायचा हाय माजा पोर." अवि म्हणाला, ये. फोन ठेवला आणि मिक्सिंगला गेला.
काय करणार आहेस, असा मेसेज केला. निळ्या खुणा आल्या.
दुसरा शेवट लिहू का त्यांच्यापुरता? हरेश दारात येतो. तीन ओळी लिहिल्या. दारात आल्यावर तो काय बोलेल ते सुचेना. खोडल्या.

१० मार्च
सुनंदाला फोन केला. अविला न सांगता. आईंच्या आधी तिला कळायला हवं, एवढंच मला ठरवता आलं. म्हटलं, एकटी ये. तिनं कारण विचारलं नाही.

१२ मार्च
सकाळच्या एसटीनं आली. स्टँडवरून रिक्षा. खांदा कॉलनीत आमची बिल्डिंग तिला नेहमी चुकते, आज चुकली नाही.
लॅपटॉपवर सीन लावला. पुतळा, नारळ, गुरुजी. नाव आलं. ती हलली नाही. अग्नी देणारे हात आले तेव्हा म्हणाली, "भावजींचे हायेत."
"हो."
"परत लावा."
तीनदा लावला. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात गेले. नाव तिथेही ऐकू आलं.
मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "ताई, ऱ्हाऊ द्या. तुमी कागदावर लिवलंत. मी चार वर्सं मनात करतंय, सकाळी उठले का करतंय, नि मंग कुंकू लावतंय." आवाज चढला नव्हता. "आईंना हे बोलाल, तर त्या मना घराबाहेर काढतील."
मग विचारलं, "कुठल्या तारखेला केलंत?"
"एकवीस जानेवारी."
"तिथी काय व्हती?"
कॅलेंडरची पानं मागे उलटली. माघ शुद्ध तृतीया. तिनं पर्समधून बसचं तिकीट काढलं, माझं पेन घेतलं, मागे लिहिलं. एवढी वर्षं तिला श्राद्धाचं पान वाढायला तिथीच नव्हती. हे मला कधी सुचलं नव्हतं.
रडली नाही. चहा घेतला. तिच्या कपाळाकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. लावलेलं होतं. उद्या लावेल का, हे मी विचारणार नाही.
म्हटलं, "रविवारचं काय करू? अविला सांगून थांबवू? आईंना काय सांगू?"
"तुमी काय नका सांगू."
"पण त्या ऐकतील, सुनंदा. नाव अगदी स्पष्ट आहे."
चप्पल घालता घालता म्हणाली, "ऐकू दे नायतर नको ऐकू दे. मी त्यांच्या बाजूला बसतंय."