दुसऱ्या डोळ्याचा खर्च

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मोटार शिकवणे (आता निवृत्त), गावभर उतारमास्तर म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही, कसली नशा नाही. नशेला पैसे पडतात. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. मसुदा पाठकोऱ्या कागदांवर केला होता, पण वकिलांनी हट्टाने कोरे कागद आणायला लावले. तो खर्च त्यांच्या फीमधून वजा करावा.

कलम १. मला नेताना गाडी एकच करावी. स्मशानाकडचा रस्ता सगळा उताराचा आहे. चालकाने तिथे इंजिन बंद केले तरी माझी हरकत नाही. उतार फुकट मिळतो आणि पेट्रोल विकत घ्यावे लागते, हेच मी जन्मभर शिकवले. लोक हसले, टोपणनाव पडले. पण माझे विद्यार्थी ब्रेक लावण्यात तरबेज निघाले आणि माझ्या माहितीप्रमाणे एकानेही अजून कोणाला धडक दिलेली नाही.

कलम २. शिकवणीची गाडी मुलीला. शाळेत असताना तिला या गाडीची लाज वाटायची. "बाबा, मला अलीकडच्या गल्लीतच सोडा ना," असे ती म्हणाली तेव्हापासून मी तिला तिथेच सोडत आलो. घरी येऊन सांगितले की, तेवढेच पेट्रोल वाचले. वाईट वाटले होते, ते सांगितले नाही. आता तिच्याकडे मोठी गाडी आहे. तरी मागच्या खेपेला आली तेव्हा तिने पर्समधून हॉटेलातला न उघडलेला साबण काढला आणि मुकाट्याने न्हाणीघरात ठेवला. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले, पण ऊर भरून आला. गाडी तिने विकावी, मोडीत काढावी, तिची मर्जी. फक्त नेताना शाळेच्या फाटकासमोरून न्यावी.

कलम ३. वरील गाडीत माझ्या बाजूला बसवलेला जादा ब्रेक काढून धाकट्या भावाला द्यावा. त्याला आयुष्यात कोणी ब्रेक लावला नाही. हाताला भोके पडलेला माणूस. त्याने आपल्या नव्या घरात सगळ्या पाहुण्यांसमोर मला कवडीचुंबक म्हटले होते. माझा गुन्हा एवढाच की, मी रिकाम्या खोलीतला दिवा बंद केला. खोलीत त्याच्या सासूबाई होत्या, हे मागाहून कळले.

कलम ४. वकिलांनी खोडायला लावले. ते साबणाच्या तुकड्यांबद्दल होते.

कलम ५. राहते घर आणि बँकेतली सगळी बचत माझ्या पत्नीला. मात्र याला एक अट आहे, आणि खरे सांगायचे तर या अटीसाठीच हा सगळा खटाटोप.

लग्न झाले तेव्हा ही बाई पाण्यासारखा पैसा खर्च करायची. मी तिला काटकसर शिकवली. झाले असे की, चेली गुरूला सवाई निघाली. आता मी म्हणतो पंखा लाव, ती म्हणते खिडकी उघडा. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर दोन वर्षे ऑपरेशन सांगताहेत. उजव्याने जवळजवळ काही दिसत नाही. तर ती म्हणते, "या डोळ्याला जे दिसतं, तेच त्या डोळ्याला दिसणार. मग दोन कशाला?"

गेल्या महिन्यात तिने चहात साखरेऐवजी मीठ घातले. फेकायचा कसा, म्हणून आम्ही दोघे तो पूर्ण प्यायलो. हसूनही घेतले. पण परवा ती जिन्यात पायरी समजून हवेत पाय टाकत होती आणि मी योगायोगाने मागे होतो. मी नसेन तेव्हा मागे कोण असेल? मला त्याची भीती वाटते. माझ्या मरणाची इतकी वाटत नाही.

म्हणून अट अशी: माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तिने दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने करून घ्यावीत. न केल्यास सगळी बचत कलम ३ मधील भावाकडे जाईल.

वकील म्हणाले, "मास्तर, ही अट कोर्टात टिकायची नाही."

मी म्हटले, "कोर्टात कशाला? घरात टिकली तरी बास."

पुरवणी. वरील मजकूर आज साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. पत्नी ओट्याशी चहा करत होती. भावाचे नाव येताच तिने गॅस बंद केला.

"अहो, हे तीन महिने कशाला?"

"म्हटलं, तुला सावरायला वेळ हवा."

"माझं सावरणं राहू द्या. तुम्ही गेल्यावर मला दवाखान्यात नेणार कोण? टॅक्सीला जाताना पैसे, येताना पैसे. डोळ्यावर पट्टी, वर हात धरायला परका माणूस. त्यापेक्षा तुम्ही आहात तोवर उरकून घेऊ. तेवढीच बचत."

यावर मला रडू आले. दोन साक्षीदारांसमक्ष आले, त्यामुळे नाकारता येत नाही.

तिला विचार बदलायला फुरसत नको म्हणून साक्षीला बसलेल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून उद्या सकाळची वेळ घेतली. कलम ५ मधील अट मात्र मी खोडलेली नाही. उद्या एकच डोळा होणार आहे. तिने आताच विचारले आहे की, तो नीट झाला तर दुसऱ्याचा खर्च वाचेल का.

सही: उतारमास्तर

साक्षीदार:
१. समोरचे शिंपी (पेन त्यांचेच)
२. घरचे डॉक्टर (प्रकृती व शुद्ध तपासली, तपासणी फी घेतली नाही, याची नोंद व्हावी)

स्थळ: आमचे स्वयंपाकघर
दिनांक: पहिल्या डोळ्याचा आदला दिवस