समोरचे दोन दात

नेर, १२ मे २००६

तीर्थरूप बाबा, तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

मी मजेत हाय. मायले सांगजा, लग्नघरी दोन्ही टाइम पोटभर जेवण भेटते. तिचा गुडघा कसा हाय?

औंदा कापूस गेला, म्हणून लग्नंही कमीच. मालकानं बँडातल्या दोघांले घरी पाठवलं. आता आणखी एकाले काढतो म्हणते.

एक विचारायचं होतं. बोरी अरबजवळ आमचा मॅटॅडोर खड्ड्यात आदळला अन् माहे समोरचे दोन दात तुटले. क्लॅरनेट तोंडात धरलं की हवाच निसटते. तुमचे दात पडल्यावरही तुम्ही वाजवतच होते. ते कसं, लवकर लिहून पाठवा. मले दुसरं काही येत नाही, बाबा. मायले दातांचं सांगू नका.

तोवर मी निस्ती बोटं हालवून राह्यलो. बँडाच्या ठेल्यावरचा कॅसिओवाला त्याच्या पेटीवर क्लॅरनेटचाच आवाज काढते, म्हणून कोणाले समजत नाही.

काल नवरीची बिदाई झाल्यावर मालकानं पाठ थोपटली. म्हणे, "नीळकंठ, आज तुह्या बापासारखं वाजवलं."

बाबा, मी फुंकलंच नव्हतं.

अजून तरी बँडातलाच,
तुमचा नीळकंठ