एका भांड्यातली लस

३ फेब्रुवारी

बोलले! शाळेच्या ओसरीवर चाळीस बायका, मी तासभर उभी. जमीन नवऱ्याची, बैल सासऱ्याचा, कोंबडी तेवढी बाईची — आणि मानमोडीची साथ आली की माना वाकड्या होऊन आठवड्यात खुराडं रिकामं! आमची लस म्हणजे डोळ्यात एक थेंब. फ्रीजही लागत नाही. निम्म्या बाटल्यांत लस, निम्म्यांत नुसतं पाणी. कुठल्या घरी काय, ते फक्त प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंना ठाऊक. लसीच्या जगल्या, पाण्याच्या मेल्या, तरच लसीला परवानगी. नाहीतर प्रकल्प गुंडाळणार. हे सगळं स्वच्छ सांगितलं. मग जीभ सुटली — एकीची कोंबडी जगणार आणि शेजारणीची मरणार, असलं जग मला मान्य नाही! टाळ्याच टाळ्या.

उद्यापासून थेंब घालायचं काम अंडेवाल्या मावशींकडे. हात हलका आहे त्यांचा.

१९ फेब्रुवारी

नदीपलीकडे मानमोडी आली. एका दिवसात साठ गेल्या.

२६ फेब्रुवारी

आमच्या गावात एकही नाही. एकही नाही!

२ मार्च

नाचतच मोठ्या बाईंना फोन केला. त्या थंडपणे म्हणाल्या, पाण्याच्या घरातल्याही जगल्या ना? मग तुमच्याकडे रोग आलाच नाही. चाचणी फुकट गेली.

पण आला होता! शिंप्याने पलीकडून तीन कोंबड्या आणल्या. तिन्ही माना पिळवटून मेल्या. गावच्या कोंबड्या त्यांच्याच शेजारी दाणे टिपत होत्या — ठणठणीत!

तडक मावशींकडे गेले. त्या अंडी निवडत होत्या. मानही वर केली नाही. म्हणाल्या, "सगळ्या बाटल्या एका भांड्यात ओतल्या, ढवळल्या, परत भरल्या. तूच म्हणालीस ना, असलं जग मान्य नाही? मग आता डोळे काय वटारतेस?"

असा संताप आला! कपाटभर पुस्तकं वाचली, पण आपलं भाषण कुणी इतकं मनावर घेईल हे एकाही पुस्तकाने शिकवलं नाही. सायकल काढली, निघाले. वळणावर ब्रेक दाबला.

लस निम्मी पातळ झाली होती. तरी सगळ्या जगल्या!

तशीच मागे फिरले. लस लागू पडली की नाही ते रक्तात कळतं, म्हणून संध्याकाळपर्यंत पन्नास कोंबड्यांचं रक्त घेतलं. मावशी पंख धरून बसल्या होत्या. मला दटावत होत्या — हळू टोच, तुझ्या सभेला नाही आली ती.

३ मार्च

नमुने पाठवले. मावशींनी काय केलं तेही लिहिलं, एक अक्षर न लपवता. नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे!

१४ मार्च

अहवाल आला. पन्नासच्या पन्नास सुरक्षित. मोठ्या बाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, "नवा अर्ज लिही. अर्ध्या मात्रेचा. हे पुन्हा सिद्ध झालं तर लस तेवढीच लागेल, गावं दुप्पट होतील."